फोटोतले हे

“अगो बाय माझे!” घागकाकू दारातच थांबल्या आणि त्यांनी डोक्यावरून पदर घेतला.

मला वाटलं, थंडी वाजली. मार्च महिना होता, लायब्ररीच्या वरच्या हॉलमधला हीटर सकाळपासून रुसलेला, आणि काकूंच्या अंगात सुती साडीवर एक पातळ स्वेटर. मी म्हटलं, “काकू, माझा कोट घेता का?”

त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. त्या समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. खरं सांगायचं तर ती भिंत बघून कुणीही दारातच थांबलं असतं; आदल्या दिवशी मीही थांबले होते. जमिनीपासून पार छतापर्यंत एकच काळा-पांढरा फोटो. मोर्चाच्या अगदी पुढे एक सावळा, मिशीवाला माणूस. हातात निशाणाची काठी. वारा एवढा की निशाण फुगून त्याचं पोट झालेलं आणि दुसऱ्या टोकाची काठी धरणारा गोरा गडी निम्मा वाकलेला. हा मात्र ताठ उभा. मागे नुसत्या टोप्याच टोप्या, गिरणीच्या धुराड्यापर्यंत. कोटाच्या बाह्या मात्र चार बोटं आखूड, त्यामुळे मनगटं उघडी पडलेली. त्याच्याकडे बघितलं की आपण आपोआप पाठ सरळ करायचो.

मी तेव्हा, म्हणजे २०१२ साली, लँकाशायरमधल्या ब्रॅकन्शॉ नावाच्या एवढ्याशा गावात लायब्ररीत अर्धवेळ काम करत होते. नाव उत्तरा, मूळची साताऱ्याची, तोंडाने फटकळ, नवऱ्याच्या नोकरीपायी तिथे जाऊन पडलेली. गावातल्या मजूर पक्षाच्या शाखेला शंभर वर्षं झाली होती आणि त्यांनी ठरवलं होतं की पक्षाचा सगळा इतिहास फोटोंतून मांडायचा. लिहायचं कमी, दाखवायचं जास्त. त्र्याऐंशी फोटो निवडले होते. मोठाल्या हॅट घातलेल्या, मताचा हक्क मागणाऱ्या बायका. कोळशाने तोंडं काळी झालेले खाणकामगार. युद्धानंतरच्या निवडणुकीत एकमेकांच्या गळ्यात पडून रडणारे बाप्ये. आणि हा, सगळ्यांत मोठा, दारासमोरचा.

हे सगळं चालवत होती डोरीन हॅलम. वय शहात्तर, केस कापसासारखे, आवाज हवालदारासारखा. तरुणपणी शाखेची फोटोग्राफर तीच होती. हा फोटोही तिनेच काढलेला, १९६८ सालच्या मे महिन्यात. त्याखालची कच्ची पाटी तिच्या जुन्या वहीवरून केली होती. “मिस्टर हे, विणकर.”

“मला त्या नावाची कायम शंका येते,” डोरीन मला म्हणाली होती. “‘हे’ असं इकडे आडनाव असतं. त्याचा अर्थ सुकं गवत. हा माणूस मिस्टर गवत दिसतो का तुला? तुमच्या लोकांत कुणी ओळखतं का बघ. नाहीतर ‘अनोळखी कामगार’ असं लिहावं लागेल, आणि माझ्या भिंतीवरच्या सगळ्यांत मोठ्या माणसाला मी अनोळखी नाही म्हणणार.”

पाट्या त्या दिवशी चार वाजता छापखान्यात जायच्या होत्या. आमच्या मराठी मंडळात जुनं असं एकच माणूस होतं, घागकाकू. सत्तरीच्या, एकट्या, शेजारच्या गावात राहणाऱ्या, गणपतीला दोनशे मोदक एकहाती वळणाऱ्या. पूर्वी त्या ब्रॅकन्शॉला राहिल्या होत्या एवढंच मला ठाऊक होतं. म्हणून बसने घेऊन आले.

“काकू, ओळखता का ह्यांना?” मी विचारलं.

काकूंनी पदराचं टोक दातांत धरलं. सत्तर वर्षांची बाई नव्या नवरीसारखी लाजली हो! म्हणाल्या, “आमचे हे.”

“अय्या! काकांचा फोटो? खरंच?”

“मग काय खोटं सांगते? आमचे हे. काय दिसतायत गो! एवढे मोठे करून लावलेत! देवळात देव नसतो एवढा मोठा.”

मी आनंदाने ओरडलेच, “डोरीन! नवरा आहे ह्यांचा!”

डोरीन शिडीवरून खाली आली. काकूंचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाली, “देवा रे. मग नाव सांगा. खरं नाव काय त्यांचं?”

मी मराठीत विचारलं. काकू फोटोकडे बघून नुसत्या हसल्या.

“काकू, नाव सांगा ना काकांचं.”

“सांगितलं की. आमचे हे.”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी खो खो हसायलाच लागले. डोरीन बघतच राहिली. मी विचारलं, “डोरीन, हे नाव तुला कुणी सांगितलं होतं?”

“त्यांच्या बायकोने. फोटो काढल्यावर मी पत्ता शोधून घरी गेले. बाईने दार उघडलं. मी म्हटलं, तुमच्या नवऱ्याचं नाव काय? ती म्हणाली, हे. मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा हे.”

काकूंना मी ते, मिस्टर गवतासकट, सांगितलं तशा त्या डोरीनकडे निरखून बघायला लागल्या. “ती लाल कोटवाली? हीच का गो? मी हिला म्हटलं, आमचे हे नायत घरात, हे पाळीवर गेलेत. आणि हिने लिहून घेतलं!” आणि काकू कपाळावर हात मारून अशा हसल्या की पदर खाली पडला. “तरीच! कामगारांच्या क्लबात फोटो लागला आणि सगळे ह्यांना मिस्टर हे म्हणायला लागले. घरी येऊन म्हणायचे, ऐकलंस का, आता अख्खं गाव मला तुझ्यासारखी हाक मारतं.”

डोरीनला मी समजावून सांगितलं की आमच्याकडे जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, ‘हे’ म्हणजे नाव नव्हेच. ती खुर्चीत बसली. म्हणाली, “चव्वेचाळीस वर्षं. चव्वेचाळीस वर्षं मी एका माणसाला ‘हा’ म्हणून वहीत ठेवलंय.” मग तिने पेन्सिल काढली. “आता चूक दुरुस्त करू. नाव सांगा.”

काकूंनी मान हलवली. नाही म्हणजे नाही.

पण मीही काही कमी नाही. आपल्याकडे बाईच्या नावाच्या पोटातच नवऱ्याचं नाव असतं, ते काढायला कितीसा वेळ लागतो? मी म्हटलं, “काकू, बसचा पास बघू.” त्यांनी भोळेपणाने दिला. पासावर लिहिलेलं, अनसूया पांडुरंग घाग. झालं की काम! मी डोरीनला ठणकावून सांगितलं, “लिही. पांडुरंग घाग.” एकेक अक्षर सांगितलं. तिने लिहिलं.

“काय लिहिलं?” काकूंनी विचारलं.

“काकांचं नाव. पांडुरंग घाग.”

काकूंचा चेहरा एकदम उतरला. त्या फोटोकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “ते लिहू नको, उत्तरे.”

“का? चुकलं का?”

“गवतच राहू दे. पण ते लिहू नको. आणि हिला जरा लांब पाठव.”

डोरीनला मराठी कुठलं यायला? तरी तिने काकूंचं तोंड बघितलं, चहा आणते म्हणाली आणि गेली. म्हातारी हुशार होती.

काकू त्या फोटोखालच्या बाकावर बसल्या. मी शेजारी. दोघींच्या डोक्यावर तो माणूस.

“पांडूभावजी म्हणजे ह्यांचे दोस्त,” काकू म्हणाल्या. “मुंबईला एका खोलीत पंधरा गाववाले राहायचे, त्यात दोघं एका वळकटीवर. एकाच गिरणीत मागावर. पांडूभावजींना इकडचा कामाचा परवाना आला. पासपोर्ट झाला, बोटीचं तिकीट झालं. आईने त्यांच्या अंगाचं माप देऊन गरम कोट शिवून घेतला. आणि बोट सुटायला अठरा दिवस असताना भावजी तापाने गेले. तिसऱ्या दिवशी आटोपले, बघ.”

“अरेरे.”

“तेरावं उरकून त्यांची आई गावाहून मुंबईला आली ती तो कोट आणि कागद घेऊनच. ह्यांच्या मांडीवर ठेवलं सगळं. म्हणाली, तू पण सावळा, तुला पण मिशी, फोटोत कोण ओळखतंय? माझा पोर नाय गेला विलायतेला, त्याचं नाव तरी जाऊ दे. फक्त एक कर, नावाला बट्टा लावू नको.”

फटकळ माणसाला गप्प बसवायला काय लागतं ते मला त्या दिवशी कळलं.

“हे गेले,” काकू म्हणाल्या. “आणि दोन वर्षांनी मला बोलावून घेतलं, घागीण म्हणून. विमानतळावर साहेबाने विचारलं, नवऱ्याचं नाव काय? मी आपली मान खाली घातली. बरोबर एक पंजाबी बाई होती, ती त्याला म्हणाली, साहेब, आमच्यात बायका घेत नाहीत नाव. त्याने हसून शिक्का मारला. तेवढ्यावर आले बघ आत. नंतर दवाखाना झाला, ऑफिस झालं, शेजारणी झाल्या. सगळीकडे आमचे हे. पंचेचाळीस वर्षांत मी एकदा पण खोटं बोलले नाय, उत्तरे. आणि खरं पण बोलले नाय.”

मी ज्याला जुन्या बाईचं लाजणं समजून हसत होते, त्याच्या आड ह्या बाईने अख्खा संसार सांभाळला होता.

“मग काका? त्यांना काही वाटायचं नाही?”

“वाटायचं तर! पण शब्द दिलेला. दारूचा थेंब नाय, गिरणीत एक दिवस खाडा नाय. ते निशाण बघ, चार मैल नेलं, कुणाला हात लावू दिला नाय. म्हणायचे, पांडूच्या नावावर चाललंय सगळं, खाली पडलं तर त्याची आई काय म्हणेल?” काकूंनी डोळे पुसले. “नऊ वर्षं झाली जाऊन. दाखल्यावर घाग. राखेच्या डब्यावर घाग. मेल्यावर पण माझा माणूस दुसऱ्याच्या नावाने जळला गो. पोरबाळ नाय आम्हाला. त्यांचं खरं नाव आता एकाच ठिकाणी हाय.” त्यांनी छातीवर बोट ठेवलं. “मी मेले की ते पण गेलं.”

डोरीन चहा घेऊन आली. साडेतीन वाजले होते. मी काकूंना म्हटलं, “हिला सांगू का?” त्यांनी मान डोलावली. मी सगळं सांगितलं.

शेवटी काकूंनी माझ्यामार्फत विचारलं, “खरं नाव लावलं तर मला त्रास होईल का? पेन्शन बंद करतील का? पोलीस येतील का?”

“मला माहीत नाही,” डोरीन म्हणाली. “बहुतेक कुणी ढुंकून बघणार नाही. पण खोटं आश्वासन देणार नाही. जन्म राजकारणात गेलाय माझा, आश्वासनं फार बघितलीत. तुम्ही म्हणाल ते लिहीन. काहीच नको म्हणालात तर भिंत तशीच ठेवीन. फक्त एक सांगते, ही भिंत महिनाभरच आहे, पण ह्या पाट्यांचं पुस्तक होणार आहे. ते राहील.”

मी काकूंना मराठीत सांगितलं आणि वर माझं शहाणपण जोडलं, “काकू, नका जोखीम घेऊ. ह्या वयात कशाला?”

काकू उठल्या. फोटोच्या अगदी जवळ गेल्या. त्यांचं डोकं कसंबसं त्याच्या गुडघ्यापर्यंत पोचत होतं. मान वर करून बघत राहिल्या. घड्याळात पावणेचार झाले. छापखान्याचा माणूस खाली येऊन थांबलासुद्धा.

मग त्यांनी पदर नीट केला, खांद्यावरून लपेटून घेतला, आणि आमच्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. लग्नात नाव घेताना नवऱ्या उभ्या राहतात तशा. आणि स्पष्ट, जराही न अडखळता म्हणाल्या,

“राजापूरची गंगा येते वर्षानुवर्षं रुसल्यावर,
भिकाजीरावांचं नाव घेते मी कुंकू पुसल्यावर.”

राजापूरची गंगा म्हणजे त्यांच्या माहेरच्या गावाजवळचा झरा. वर्षं वर्षं कोरडा असतो, आणि एके दिवशी कुणाला न सांगता वाहायला लागतो. उखाणा घ्यायचा सवाष्णीने. विधवेने घेतलेला मी तोपर्यंत कधी ऐकला नव्हता, नंतरही नाही. मी हात जोडले होते हे मला नंतर कळलं.

“भिकाजी राघो मांडवकर,” काकू म्हणाल्या. “लिही आता. लवकर लिही, नाहीतर परत धीर व्हायचा नाय.”

मी डोरीनला अक्षरं सांगायला लागले. “ती गाऊन काय म्हणाली?” तिने विचारलं. मी पहिली ओळ सांगितली. दुसरी सांगता येईना. कुंकू पुसणं म्हणजे काय ते इंग्रजीत कुठल्या शब्दात सांगायचं? मी स्वतःच्या कपाळावर बोट ठेवलं आणि पुसून दाखवलं. डोरीन विधवाच होती. तिला कळलं.

तिने ‘पांडुरंग घाग’वर काट मारायला पेन्सिल टेकवली मात्र, काकू ओरडल्या, “ए! ए! खोडू नको त्यांना!”

“काकू, अहो, दोन नावं कशी लिहायची? माणूस एक आहे.”

“कोण म्हणतं एक हाय? दोघांची लिही. दोघं आले होते.”

तसंच छापलं. भिकाजी राघो मांडवकर आणि पांडुरंग घाग, विणकर, मे १९६८.

परतीच्या बसमध्ये मी विचारलं, “काकू, आता तुम्हाला घागकाकू म्हणू की मांडवकरकाकू?” त्या खिडकीबाहेर बघत होत्या. म्हणाल्या, “अनसाकाकू म्हण. ते एक नाव माझं मलाच दिलेलं हाय.”

प्रदर्शन उघडलं त्या शनिवारी गाव लोटलं होतं. काकू जरीची साडी नेसून त्या भिंतीपाशीच खुर्ची टाकून बसलेल्या. कुणी पोलीस आला नाही, कुणी पेन्शन बंद केली नाही, पण हे त्या दिवशी आम्हाला कुठे माहीत होतं? प्रत्येक गणवेशवाला बघितला की मी काकूंच्या खुर्चीपुढे जाऊन उभी राहायचे. काकू मात्र खुशाल गोळ्या चघळत होत्या.

दुपारी एक उंच, म्हातारे गृहस्थ आले. पाटी वाचली, चष्मा काढून फोटो बघितला, परत पाटी वाचली. मग मला म्हणाले, “बाई, इथे चूक झालीय. नावं दोन आहेत. काठी तर एकाच्याच हातात आहे, आणि पलीकडच्या गोऱ्या माणसाची पाटी वेगळी. हा दुसरा कुठाय?”

“काय म्हणतो तो?” काकूंनी विचारलं.

“म्हणतायत, दुसरा माणूस दिसत नाही.”

काकू खुर्चीवरून उठल्या. आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीची त्यांना कधीच लाज नव्हती. त्यांनी बोट वर केलं, त्या उघड्या मनगटांकडे, त्या चार बोटं आखूड बाह्यांकडे.

“कोट, पांडू,” त्या म्हणाल्या.

मी वर बघितलं. आठवडाभर मी त्या बाह्या बघत होते आणि मला वाटत होतं, गरीब माणूस, कोट नीट बसत नाही बिचाऱ्याला. पांडुरंगाच्या अंगाचं माप देऊन शिवलेला तो कोट. आईने शिवून घेतलेला. तो मोर्चाच्या पुढे चालला होता.

“आणि आत?” गृहस्थांनी विचारलं. “कोटाच्या आत कोण?”

काकूंनी तोंड उघडलं. माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी डोक्यावरून पदर घेतला, टोक दातांत धरलं आणि लाजून हसल्या.

“आमचे हे,” त्या म्हणाल्या.